लक्ष असू द्या

जेल रोड, नाशिकरोड
१ डिसेंबर २००४

चि. अपूर्वा,

आशीर्वाद. माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. इतक्या वर्षांत पापडाच्या पार्सलावर तुझा भिलाईचा पत्ता घालण्यापलीकडे मी तुला काही लिहिलेलं नाही. पण फोनवर मला आता धड ऐकू येत नाही, आणि दुकानातून बोलायचं तर तुझ्या आई, लतिकाताई, कधी समोर येऊन उभ्या राहतील याचा नेम नाही.

दिवाळीला तू आलीस तेव्हाच बोलणार होतो. पण लतिकाताई सतत तुझ्यासोबत असायच्या, आणि तू घरात असताना अगदी ठीक होत्या. तू गेल्यावर एक दिवस त्या साखर घेऊन गेल्या. थोड्या वेळानं परत आल्या आणि साखर मागितली. मी म्हटलं, "ताई, आत्ताच नेलीत." हसल्या. "हो की रे." संध्याकाळी पुन्हा साखर. या खेपेला मी नुसती बांधून दिली आणि मागाहून अंबूबाईकडून परत मागवली. भांडी घासायला येते तेव्हा ती गॅसही बघते. दोनदा तिला तो नुसताच चालू सापडलाय.

परवा भर उन्हात ताई दुकानाच्या पायरीशी आल्या. मी विचारलं, "काय देऊ?" बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "शाम, मी कुठं निघाले होते रे?"

पोरी, त्यांना मी तीस वर्षं ओळखतो. प्रेसमधली शिफ्ट संपवून, सबंध दिवस नोटांचे कागद तपासून आलेल्या असायच्या, तरी माझ्या तराजूतली चूक पकडायच्या. त्या बाईच्या डोळ्यांत मी परवा भीती बघितली, आणि ती मलाही लागली.

कोपऱ्यावरच्या वखारीच्या जागी दसऱ्याला ते मोठं मार्ट उघडलं, तू बघितलंसच. सगळी कॉलनी तिकडे लोटली आहे. ताई अजून माझ्याकडे येतात. येतील तशा बिस्किटांचा पुडा स्वतःच उचलून पिशवीत टाकतात आणि चालू लागतात, मी अंबूबाईला सांगून ठेवतो, की झालं. त्यांना मार्टमध्ये पाठवू नकोस एवढंच माझं सांगणं. आणि एकदा डॉक्टरांना दाखव.

तुझा
शामकाका


सेक्टर ६, भिलाई
१४ डिसेंबर २००४

ती. शामकाकांना नमस्कार.

पत्र मिळालं. त्याच संध्याकाळी आईला फोन केला. चांगली बोलली. जावयाचं, गौरांगचं, प्रमोशन तिच्या लक्षात होतं, माझ्या सासूबाईंच्या पाठीची चौकशी केली, एवढंच नाही तर मागच्या उन्हाळ्यात मी तिची कुठली साडी आणली ते मला आठवेना, तर तिनंच सांगितलं. साखरेचं विचारलं तर म्हणाली, "शामला हल्ली काही सुचत नाही. मार्ट उघडल्यापासून येणाऱ्याजाणाऱ्याला धरून बसतो."

काका, रागवू नका. सत्तरीच्या बाईनं एखादी गोष्ट विसरणं आणि तुम्ही लिहिलंत ते, यात फरक आहे. मीच तिला मार्टमध्ये जायला सांगितलंय. आत गार असतं, निवडलेली भाजी मिळते, उन्हात ताटकळावं लागत नाही. तुमच्या धंद्यावर काय वेळ आली असेल ते मला समजतं. पण ती भीती आईच्या नावावर घालू नका. आणि कॉलनीत हे कुणाला बोलू नका. एकट्या बाईबद्दल असं पसरलेलं बरं नसतं.

काकूंना नमस्कार.

अपूर्वा


जेल रोड, नाशिकरोड
१० जानेवारी २००५

चि. अपूर्वा,

तुझं पत्र वाचलं. पुन्हा लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण परवा जे झालं ते तुला न कळवणं हे पाप होईल.

सकाळी ताई इस्त्रीची साडी नेसून, डबा घेऊन बाहेर पडल्या. बुधाची रिक्षा माझ्या दुकानासमोर उभी असते. त्याला वाटलं, लग्नाबिग्नाला निघाल्या असतील. दुपारी तो भाडं सोडून येत होता तर ताई प्रेसच्या गेटवर. शिपायाला सांगत होत्या, "माझी शिफ्ट आहे, मला आत सोड, माझा पगार कापला जाईल." रिटायर होऊन किती वर्षं झाली त्यांना! शिपाई बिचारा समजूतदार, त्यानं बसायला खुर्ची दिली होती. बुधा म्हणाला, "ताई, आज प्रेसला सुट्टी हाय, चला घरी." तेव्हा कुठे रिक्षात बसल्या.

इथे कुणी ठरवून काही केलेलं नाही. ताई घराबाहेर पडल्या की आधी पुंजारामची पिठाची गिरणी लागते. तो मान वर करून बघतो. मग माझं दुकान. मग बुधा. एकाच्या नजरेतून सुटल्या तर दुसऱ्याच्या नजरेत येतात. आता पुंजारामनं गिरणी बंद केली. पीठ तयार पिशवीत मिळायला लागल्यावर दळण कोण आणणार? घरापासून माझ्या दुकानापर्यंतचा रस्ता आता रिकामा आहे. बघ, मार्टचं नाव काढायचं नाही म्हणून बसलो होतो आणि पुन्हा तिथंच आलो.

तुला खोटं वाटत असेल तर अंबूबाईला विचार. पण विचार.

शामकाका


भिलाई
२ फेब्रुवारी २००५

ती. काका,

अंबूबाईशी बोलले. ती रडायलाच लागली.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं होतं. दिवाळीनंतर एकदा फोनवर आई मला "सिंधू" म्हणाली. सिंधू म्हणजे माझी मावशी. ती मी शाळेत असतानाच गेली. आई तिच्याशी बोलावं तशी बोलत राहिली, "विहिरीवर एकटी जाऊ नकोस" म्हणाली. मी फोन ठेवला आणि स्वतःला सांगितलं, लाइन खराब होती. त्यानंतर तुमचं पहिलं पत्र आलं. मी तुमच्यावर चिडले ते म्हणूनच, हे आता कळतंय.

आत्ता येता येत नाही. सासूबाई दोन महिने अंथरुणाला खिळल्या आहेत, त्यांचं सगळं जागेवर करावं लागतं. माझ्या शाळेत बारावीची प्रॅक्टिकल्स सुरू आहेत. एप्रिलमध्ये परीक्षा संपली की येते आणि आईला घेऊनच येते. गौरांग "हो" म्हणालाय, पण "दोघी आजारी एका घरात" एवढंही म्हणाला.

तोवर काका, तुम्ही समोर आहात म्हणून मला झोप लागते. लक्ष असू द्या. आई रस्त्यानं दिसली नाही तर अंबूबाईला पाठवा. मी मागे लिहिलं ते विसरा.

अपूर्वा


जेल रोड, नाशिकरोड
२० फेब्रुवारी २००५

चि. अपूर्वा,

पत्र मिळालं. बरं वाटलं. ताईंची काळजी करू नकोस. अंबूबाई आता दुपारीही एक फेरी मारते. मी आहेच. दुकान ठीक चाललंय. प्रॅक्टिकल्स नीट पार पाड, सासूबाईंना जप.

थोडक्यात लिहितो, गडबडीत आहे.

शामकाका


भिलाई
२५ मार्च २००५

ती. काका,

महिना उलटला, तुमचं पत्र नाही. या आठवड्यात दुकानाच्या नंबरावर रोज फोन केला. वाजतो, वाजतो, कुणी उचलत नाही. तुम्हाला ऐकू येत नसेल असं धरून चालले. पण काकू असतील, तुमचा मुलगा धनराज असेल. सकाळी नाही, संध्याकाळी नाही, असं कसं?

रविवारी आईला विचारलं, "शामकाका कसे आहेत?" ती म्हणाली, "शाम? शामचं दुकान कुठं आहे आता?" मी म्हटलं, "अगं, समोरच्या रस्त्यावर." ती म्हणाली, "तिथं काही नाही. नुसतं शटर आहे." इतक्या खात्रीनं म्हणाली! ज्या दुकानात ती रोज जाते ते दुकानच तिच्या डोक्यातून पुसलं गेलं? काका, हे इतक्या लवकर होतं का? उद्या ती मला विसरेल.

इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, घर बदलू नका, ओळखीची माणसं, ओळखीचे रस्ते राहू द्या, त्यावरच असे पेशंट तगतात. मी तुमचं नाव सांगितलं त्यांना.

अंबूबाईकडे फोन नाही, आणि तिला बोलव म्हटलं की आई फोनच ठेवून देते. शेजारचे जोशी पुण्याला गेलेत. दुसरा कुणाचा नंबर माझ्याकडे नाही, हे आज कळलं. कुणाकडून तरी दोन ओळी कळवा. फार भीती वाटते.

अपूर्वा


पाथर्डी फाटा, नाशिक
६ एप्रिल २००५

अपूर्वा,

फोनवर मी "आई सापडल्या, सुखरूप आहेत" एवढंच ओरडलो. तू काय विचारलंस ते मला कळलं नाही. तू मिळेल त्या गाडीनं निघते आहेस असं धनराज म्हणाला. समोर आलीस की माझ्याच्यानं बोलवणार नाही, म्हणून हे पत्र तुझ्या काकूजवळ, चंद्रभागेजवळ, देतो. ती ताईंच्या सोबतीला तुमच्याच घरी राहिली आहे.

वरचा पत्ता बघ. आम्ही आता धनराजच्या फ्लॅटवर राहतो, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तुझं फेब्रुवारीतलं पत्र आलं त्याच आठवड्यात दुकान बंद करायला मी फळ्यांवरचा माल उतरवत होतो. तुझ्या आई खरं तेच सांगत होत्या. तिथं नुसतं शटर आहे.

तुला कळवलं नाही. धंद्याची भीती आईच्या नावावर घालू नका, असं तू लिहिलं होतंस. आता दुकान बंद झालं असं लिहिलं तर तू काय समजशील, याच भीतीनं हात चालेना. एक दिवसाआड बसनं येऊन ताईंना बघून जात होतो. तेवढं पुरेल असं वाटलं.

शनिवारी दुपारी अंबूबाईनं कुठूनसा फोन केला. दार सताड उघडं, ताई घरात नाहीत. धनराज आणि मी निघालो. प्रेसचं गेट बघितलं. स्टेशनवर पांढरी साडी दिसली की पळत जायचो, वळली की दुसरीच बाई. मग दसकला नदीवर गेलो. घाटावर धनराज खाली उतरून बघत होता. मला पाण्याकडे बघवेना, मी त्याच्याकडे पाठ करून उभा राहिलो. त्यानं हाक मारली नाही, तरी प्रत्येक क्षणाला वाटे, आता मारेल.

दिवेलागणीला दुकानाशी आलो. आल्या तर इथंच येतील असं एक मन सांगत होतं. बंद केल्यापासून ते शटर मी वर केलं नव्हतं. केलं, तर पोस्टमननं फटीतून टाकलेलं तुझं मार्चमधलं पत्र आत पडलेलं. रिकाम्या फळ्यांपुढे उभा राहून वाचतोय, तोच फोन वाजला. लाइन अजून तोडलेली नव्हती. मी उचलला. एक बाई बोलत होती, मला "चांदवड" एवढा एकच शब्द कळला. धनराजनं फोन हिसकावून घेतला.

रंगूबाई म्हणून, चांदवडच्या स्टँडवर काकड्या विकते. ताई तिच्या पाटीशेजारी येऊन बसल्या आणि "वाण्याच्या आळीत माझं घर होतं, ते कुणी नेलं" म्हणून विचारत राहिल्या. त्यांच्या माहेरचं घर पडून तिथं गाळे झालेत, तुला माहीत आहे. रंगूबाईनं त्यांच्या पिशवीवरचं आमच्या दुकानाचं नाव आणि नंबर बघितला, आणि स्टँडवरच्या टपरीतून ती पुन्हा पुन्हा फोन लावत राहिली. "मला वाटलं, कधी तरी कोणी उचलंल," म्हणाली.

धनराजच्या मित्राच्या गाडीनं गेलो. ताई पोत्यावर बसल्या होत्या, पिशवी छातीशी धरून. मी म्हटलं, "ताई, मी शाम." त्यांनी चटकन पिशवी जमिनीवर उलटी केली. रुमाल, चष्मा, किल्ली. हात जोडून म्हणाल्या, "बघा, मी काही घेतलेलं नाही. आता जाऊ द्या."

मला तेव्हा काही उमगलं नाही. दुसऱ्या दिवशी, ताईंना कुणी बघितलं का ते विचारत मार्टमध्ये गेलो, तेव्हा कळलं. ताईंनी आत जाऊन बिस्किटांचा पुडा पिशवीत टाकला आणि चालू लागल्या, माझ्याकडे टाकायच्या तसाच. दारावरच्या वॉचमननं धरलं. मागच्या खोलीत बसवलं, पिशवी रिकामी करायला लावली. एकदा नाही, दोनतीनदा. नाव विचारलं तर माहेरचं सांगितलं. घर विचारलं तर चांदवड. तिथल्या मुली सगळ्या बाहेरच्या, कुणीच त्यांना ओळखत नव्हतं. मॅनेजर तरुण आहे, माणूस वाईट नाही. म्हणाला, "आजोबा, पोलिसांना बोलवायचं माझ्या जिवावर आलं. म्हातारी बाई चुकून आली असेल असं वाटलं. वॉचमनला सांगितलं, मालेगावच्या गाडीत बसवून दे, कंडक्टरला चांदवडला उतरवायला सांग."

मग तो म्हणाला, "त्याआधी पिशवीवरच्या नंबराला फोन केला होता आम्ही. बराच वेळ वाजला. कुणी उचलला नाही."

यापुढे मला काही लिहिता येत नाही.

शामसुंदर


भिलाई
२९ मे २००५

ती. काका,

नाशकात आठ दिवस होते, पण तुमच्याशी चार शब्द नीट बोलले नाही. तुम्ही दारात येऊन बसायचात आणि मी आत कपाटं आवरायची. चंद्रभागाकाकूंनी जे केलं ते मी विसरणार नाही.

राग होता, आहे. तुम्ही तिकडे राहायला गेलात हे मला कळायला हवं होतं. मी नोकरीवर पाणी सोडून आले असते. आले असते का? रोज स्वतःला विचारते. उत्तर कधी हो येतं, कधी नाही. आणि तुम्ही मला पहिल्याच पत्रात सांगितलं होतं, तिला तिकडे पाठवू नकोस. मी पाठवलं.

आई इथे आहे. खाते, झोपते. सासूबाईंच्या शेजारी बसून त्यांचे पाय चेपते, त्या दोघींचं बरं जमलंय. गौरांगसुद्धा तिला रोज संध्याकाळी अंगणात फिरवतो. पण दाराची बेल वाजली की ती उठून भिंतीला लागून उभी राहते. दूधवाला आला तरी पदर झटकून दाखवते. काल मी खोलीतून बाहेर पडत होते तर माझ्यापुढे दोन्ही तळवे उघडून धरले. "मॅडम, मी काही घेतलेलं नाही." मी तिचे हात मिटले आणि धरून बसले. असे तळवे उघडून दाखवले, काका. आपल्या मुलीसमोर.

बाकी सगळं विसरली. घर, प्रेस, बाबांचं नाव. ती एक दुपार तेवढी विसरत नाही.

मॅनेजरला मी काही बोलले नाही. पण ज्या माणसानं तिच्या दंडाला धरलं, तिची पिशवी उलटी करायला लावली आणि तिला एकटीला त्या गाडीत बसवून दिलं, त्याला मी कधीही माफ करणार नाही. मी मार्टमध्ये गेले त्या दिवशी तो सुट्टीवर होता म्हणून सुटला.

घराची किल्ली काकूंकडे असू द्या.

अपूर्वा


पाथर्डी फाटा, नाशिक
१९ जून २००५

चि. अपूर्वा,

तू लिहिलंस, हेच पुष्कळ झालं. रागाचं मी काही बोलत नाही. तो तुझा हक्क आहे.

इथं घरात मला करमत नाही. सून म्हणते, "मामंजी, टीव्ही बघा." मी सकाळी बस धरून जेल रोडला जातो. किल्ली आहे म्हणून तुमच्या दाराचं कुलूप ओढून बघतो, मग पाय मार्टकडे वळतात. समोर झाडाखाली उभा राहतो. परवा कॉलनीतले दीक्षित मास्तर मार्टमधून बाहेर आले आणि घराच्या उलट्या दिशेला चालू लागले. मी हाक मारून त्यांना गल्लीपर्यंत सोडून आलो. त्यांच्या सुनेला कळवलं. तुझ्या पहिल्या पत्रात होता तोच संशय तिच्या नजरेत होता.

काल वॉचमन माझ्याकडे आला. चाळिशीचा माणूस, उन्हानं रापलेला. म्हणाला, "बाबा, रोज हितं काय करता? साहेब विचारतात. तुमचं काय काम हाय?"

दुकान होतं तेव्हा हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "माझं इथं दुकान होतं." त्यानं रस्त्यापलीकडच्या शटरवरचा बोर्ड वाचला, मग माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "त्या पिशवीवर हेच नाव हुतं."

तो भिका. पेठच्या बाजूचा आहे, डोंगरातला. भात झाला की दरवर्षी मजुरीला खाली यायचा, यंदा ही नोकरी मिळाली. मला झाडाआड नेलं. "म्या धरलं आजींना," म्हणाला. "धरलं नाय तर माझी नोकरी जाते, लगेच जाते, तसं सांगून ठिवलंय. पिशवी झाडायला लावली तवा त्या मला दादा म्हणल्या." गाडीचंही सांगितलं. त्याच्या गावात वाट चुकलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्या गावच्या गाडीत बसवून देतात, पुढे कोणी तरी ओळखीचं भेटतंच. म्हणून त्यानं ताईंना खिडकीची जागा धरून दिली, कंडक्टरला दोनदा बजावलं. "घरी पोचल्या असतील असंच धरून हुतो. मंग मॅनेजर सायबांकडून कळलं, तवापासून अन्न गोड लागत नाय. आई हाय मलाबी."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती, खोटं सांगत नाही. हात उचलला गेला नाही. तो माणूस माझ्यासारखाच भ्यालेला होता.

आज पुन्हा गेलो. त्यानं मला तिथून हाकललं नाही. गेटाच्या आतून एक स्टूल आणून झाडाखाली ठेवलं आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. दुपारी गर्दी ओसरल्यावर आला. पायानं माती उकरत राहिला. मग विचारलं, "त्या आजी बऱ्या हायेत का?"

मी म्हटलं, त्यांच्या मुलीला विचारून सांगतो.

तो रोज विचारणार. त्याला काय सांगू, ते तू लिही.

शामकाका